दर उतरले, त्वरा करा

डॉक्टर दाराबाहेर आले, चष्मा काढला आणि म्हणाले, "गेल्या त्या." तेवढ्यात माझ्या खिशात बायकोचा फोन थरथरला. 'दर उतरले! त्वरा करा!' समुद्राकाठच्या गावाच्या विमानतिकिटाची ही सूचना तिने आठ महिन्यांपूर्वी लावून ठेवली होती. तिला समुद्र बघायचा होता, पण तिने ठरवलेल्या भावातच.

सहा महिन्यांनी मी ठरवलं, त्याच भावात तिकीट काढायचं आणि तिच्या वाटचा समुद्र बघून यायचा. अवघड काय त्यात? चौतीस वर्षं तिला स्वस्तात तिकिटं काढताना पाहिलंय. तिचे नियम मला तोंडपाठ! कुणाला सांगायचं नाही, बोललं की भाव चढतो. आणि भाव दिसला की घेऊन टाकायचं, विचारत बसायचं नाही.

पण एकटा माणूस किती नजर ठेवणार? लेकीला गाठलं. "हा भाव दिसला की माझ्या नावाने काढून टाक. मला विचारू नको. कुणाला बोलू नको." मग वाटलं, लेक ऑफिसात असते. म्हणून मेहुणीलाही तेच सांगितलं. मेहुणी विसरभोळी, म्हणून शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांनाही.

मंगळवारी दुपारी माझ्याच फोनवर भाव दिसला. काढलं! इतका हरखलो की चहात साखर घालायची विसरलो आणि तसाच प्यायलो.

कप खाली ठेवतोय तोच मेहुणीचा फोन. "भाऊजी, मारली बाजी!"

तिला काही सांगायच्या आत पोस्टमास्तर दारात. "काम फत्ते. खिडकीची जागा."

मग लेक. तिचा आवाज भरून आला होता. "बाबा, मिळालं. आईच्याच भावात."

तिला खरं सांगायला जीभ रेटेना. "शाब्बास," म्हणालो.

विमान कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने माझं नाव दोनदा तपासलं.

"काका, एकाच विमानात तुमच्या नावाच्या चार जागा आहेत."

"हो."

"येणार किती जण?"

"मी एकटाच."

"मग आळीपाळीने बसा."

"नाव बदलून मिळेल? पैसे परत?"

"सवलतीचं तिकीट आहे, काका."

संध्याकाळी मेहुणीपुढे सगळं ओकलो. ती पोट धरून हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "भाऊजी, ताईचा पहिला नियम काय होता?"

"कुणाला सांगायचं नाही."

"आणि तुम्ही सांगितलंत किती जणांना?"

तेवढ्यात फडताळावर तिच्या ताईचा फोन थरथरला. 'दर आणखी उतरले! त्वरा करा!'

पुढच्या महिन्यात जातोय. खिडकीत बसेन. तो फोन मी रोज चार्ज करतो. सूचना तेवढी बंद करायची राहिली आहे.