कडुलिंबाच्या शेंड्याएवढा जिल्हा

आमच्याकडे मुलींच्या सॉफ्टबॉल स्पर्धा ज्या त्या पातळीवर होतात: तालुका पातळी जमिनीवर, जिल्हा पातळी कडुलिंबाच्या शेंड्याएवढ्या उंचीवर, विभागीय पातळी पाण्याच्या टाकीच्या वर, आणि राज्य पातळी त्याहून वर, घारी फिरतात तिथे. राज्य पातळी मी नीट पाहिलेली नाही. मान वर केली की उन्हाने डोळ्यांना पाणी येतं आणि नुसते पांढरे बूट दिसतात.

वर जाण्यात विशेष काही नाही. अर्जावर शिक्का बसला की नाणेफेकीनंतर संघ आपोआप आपल्या पातळीला जातो. वरची जमीन दिसत नाही, पण तिच्यावर पाय ठरतात आणि चेंडूही नीट घरंगळतो. अडचण वेगळीच आहे. पातळी संघाने स्वतः निवडायची असते. झेपत नाही अशी निवडली तर संघ खेळता खेळता हळूहळू खाली येतो. लागत कोणालाच नाही, पण दिसतं सगळ्यांना. मागे शेजारच्या तालुक्यातला एक संघ विभागीय सामन्यात दुसऱ्याच इनिंगला खाली आला, तो थेट एका लग्नाच्या मांडवात. तिथल्या मंडळींनी त्यांना अगत्याने पंगतीला बसवलं, पण एकीलाही घास गेला नाही. आणि फार खालची पातळी निवडली तर उलट होतं. संघ दुधासारखा वर येतो, चेंडू पायांखालून निघून जातो, आणि चांगल्या मुली धावा देत बसतात.

मी आमच्या संघाची व्यवस्थापक. मुलींच्या संघाबरोबर एक बाई असावी लागते, म्हणून मी. माझी मुलगी जुई राईट फिल्डला असते. हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, राईट फिल्ड म्हणजे मैदानाचा उजवा, मागचा कोपरा. तिथे चेंडू सगळ्यात कमी येतो.

पातळी ठरवायला शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात बैठक झाली. प्रशिक्षक इंगळे मॅडम होत्या, पालक होते, आणि क्रीडा कार्यालयातून बोबडे साहेब शिक्का घेऊन आले होते.

"विभागाच्या खाली बोलूच नका," वानखडे म्हणाले. त्यांचं खत-बियाण्याचं दुकान आहे आणि त्यांची कस्तुरी आमची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. "दहावीला खेळाचे मार्क भेटतात. पोरी काय कमी आहेत काय आपल्या?"

"कमी कोण म्हणतं?" इंगळे मॅडम म्हणाल्या. "पण सगळ्या सारख्या नाहीत."

हे सगळ्यांनाच माहीत होतं. सरावाला कस्तुरी जोरात चेंडू टाकायला लागली की तिचे पाय जमिनीवर राहत नसत. गुडघाभर वर जायची. आणि माझ्या जुईचे पाय घोट्यापर्यंत मातीत रुतायचे. तिचे मोजे मी वेगळे भिजत घालते.

"मग सरासरी काढा," एक पालक म्हणाले.

"सरासरीला शिक्का नाही," बोबडे साहेब म्हणाले. "तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. चारच आहेत. आणि पातळी संघाला मिळते. एकट्या मुलीला देता येत नाही."

"एकटीला मिळत नसेल तर मी दुसरा संघ बघतो," वानखडे म्हणाले. "शहरातला क्लब तिला विभागाला न्यायला तयार आहे. फोन येऊन राहिले रोज."

कस्तुरी गेली तर बाकीच्यांना तालुकाही जड जाईल, हे प्रत्येकाच्या मनात आलं. मला तर वाटलं, तसं झालं तर कोपऱ्यात जुई कमरेपर्यंत मातीत जाईल.

"मुलींना विचारलं का कोणी?" इंगळे मॅडमनी विचारलं.

कोणीच विचारलं नव्हतं. मुली बाहेर व्हरांड्यात बसल्या होत्या. त्यांना आत बोलावलं. मॅडमनी आधी कस्तुरीला विचारलं.

कस्तुरी बोटांची चिकटपट्टी सोलत उभी होती. "वर गेलं की मला यांचं बोलणं ऐकू येत नाही," ती म्हणाली. "खाली सगळ्या हसतात, आणि मला वाकून विचारावं लागतं, काय झालं म्हणून."

"हा काय मुद्दा झाला?" वानखडे म्हणाले.

"मग आणखी कोण बोलतंय?" मॅडमनी विचारलं.

जुई बोलेल असं मला वाटलं नव्हतं. घरीसुद्धा ती भाजीत मीठ कमी आहे एवढंसुद्धा सांगत नाही. ती म्हणाली, "तालुक्याला बॉल माझ्याकडे येतच नाही. कस्तुरी कोणाला मारूच देत नाही नं. आणि गेल्या वर्षी विभागाच्या पोरी सरावाला आल्या होत्या, तेव्हा सगळे बॉल माझ्या डोक्यावरून गेले. म्हणजे मला जिथे बॉल येईल आणि हातात सापडेल, तिथे जाऊ."

बोबडे साहेबांनी चष्मा पुसला. "ती जिल्हा पातळी," ते म्हणाले.

वानखड्यांनी बरंच काही म्हटलं. शेवटी एवढ्यावर आले, की या वर्षी जिल्हा, आणि तिथे काही दिसलं नाही तर पोरगी क्लबात. शिक्का बसला.

स्पर्धेच्या दिवशी क्रीडा संकुलात आमचा सामना नदीकाठच्या एका शाळेशी होता. नाणेफेक झाली आणि दोन्ही संघ वर गेले. जाताना जुईने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. कडुलिंबाच्या शेंड्याजवळ सगळ्या थांबल्या. आम्ही पालक खाली सतरंजीवर बसलो. इंगळे मॅडम आणि अंपायर शिडीवर होते, कारण त्यांना पातळी नसते, शिडी असते.

कस्तुरीने सुरुवात फारच छान केली. एकामागून एक तिघींना तिने बाद केलं, बॅटला चेंडू लागूच दिला नाही. वानखडे उभे राहून ओरडत होते, "वर! अजून वर!" आणि ती खरंच वर चालली होती. दुसऱ्या इनिंगला तिचे बूट समोरच्या मुलींच्या खांद्यांना लागायला आले. आमच्या बाकीच्या मुलींना मात्र काहीच काम नव्हतं. त्या उभ्या उभ्या खाली यायला लागल्या. जुईच्या वेण्यांत कडुलिंबाची पानं अडकली.

अंपायरने शिट्टी वाजवली. "पिचर पातळीच्या वर आहे. वरून खाली टाकलेला चेंडू ग्राह्य धरता येत नाही. संघाला एका पातळीत आणा, नाहीतर सामना त्यांना."

"ती चांगली खेळते हा तिचा गुन्हा झाला काय?" वानखडे खालून ओरडले.

"गुन्हा नाही," अंपायर शांतपणे म्हणाले. "उंची झाली."

इंगळे मॅडम शिडीच्या शेवटच्या पायरीवर चढल्या. तिथून त्यांनी कस्तुरीला काय सांगितलं ते सगळ्या मैदानाने ऐकलं, कारण त्यांना ओरडावंच लागलं. "कस्तुरी, मारू दे त्यांना!"

"मॅडम, धावा होतील!"

"होऊ दे. मागे आठ जणी उभ्या आहेत. त्या काय हवा खायला आल्यात?"

कस्तुरीने चहूकडे वळून पाहिलं. तिच्या उंचीवरून तिला आठही जणींची डोकी दिसत असणार. मग तिने चेंडू बोटांत नीट घेतला आणि असा टाकला की समोरच्या मुलीला तो मारता यावा. त्या मुलीने तो मारला. चेंडू उंच जाऊन उजव्या कोपऱ्यात उतरू लागला.

मी सतरंजी मुठीत धरली.

जुई धावली, ग्लोव्ह पुढे केला, आणि चेंडू ग्लोव्हच्या कडेला लागून सुटला. धाव झाली. आमचा संघ वीतभर खाली आला. "गेली पातळी," वानखडे म्हणाले आणि खाली बसले. मला त्यांच्या डोक्यावर पाण्याची बाटली ओतावीशी वाटली, पण व्यवस्थापकाला ते शोभलं नसतं.

"कस्तुरी, पुन्हा!" मॅडम ओरडल्या.

कस्तुरीने पुन्हा तसाच टाकला. खरं तर तेव्हा ती मनातून घाबरली असावी, कारण तिचे पाय समोरच्या मुलींच्या कमरेपर्यंत उतरले होते. पुन्हा फटका बसला, पुन्हा उजवीकडेच. या वेळी चेंडू टप्पा खाऊन सरळ जुईच्या छातीवर आदळला. ती कळवळली, पण चेंडू पुढ्यातच पडला होता. तिने तो उचलून पहिल्या बेसकडे, म्हणजे मारणारीला पळत गाठायच्या पहिल्या खुणेकडे, फेकला. पहिल्या बेसवरच्या सना शेखने हात ताणून तो धरला. धावणारी मुलगी एका पावलाने मागे राहिली.

अंपायरने मूठ वर केली. बाद.

मग जे झालं ते खालून फार स्पष्ट दिसलं. सना वर आली, जुई वर आली, जुईच्या वेण्यांतली पानं गळून पडली, आणि कस्तुरी तिच्या बाजूने खाली आली. सगळ्या जणी मध्ये कुठेतरी एका रेषेत थांबल्या. बोबडे साहेबांनी एक डोळा मिटून, अंगठा पुढे धरून पाहिलं. "जिल्हा," ते म्हणाले.

उरलेला सामना साधाच झाला, म्हणजे धावा झाल्या, झेल सुटले, झेल घेतले, बेसवर पडून कोणाचातरी गुडघा खरचटला. जुईकडे आणखी पुष्कळ चेंडू आले. काही तिने सोडले. शेवटच्या इनिंगपर्यंत दोन्ही संघ बरोबरीत होते, आणि मग नदीकाठच्या मुलींनी एक धाव जास्त केली. आम्ही हरलो.

सामना संपल्यावर संघांनी खाली यायचं असतं. कोणीच आलं नाही. दोन्ही संघ तिथेच पाय सोडून बसले. नदीकाठच्या मुलींनी पिशवीतून उकडलेल्या शेंगा काढल्या.

"साहेब, यांना खाली कसं आणायचं?" मी बोबडे साहेबांना विचारलं.

"यायचं तेव्हा येतील," ते म्हणाले. "पातळी योग्य असली की उतरायला वेळ लागतो."

वानखडे झाडाखाली जाऊन उभे राहिले. "कस्तुरी! चल, बस निघून जाईल!"

वरून कसलासा हशा आला. मग कस्तुरीचं डोकं पानांतून बाहेर आलं. "पप्पा, जुई गोष्ट सांगतेय. थांबा नं थोडं."

"कोणती गोष्ट?"

"तुम्हाला तिथून नाही समजणार. वर या."

वानखड्यांनी बोबडे साहेबांकडे पाहिलं. जरा वेळाने, इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने त्यांनी विचारलं, "पालकांसाठी कोणती पातळी असते, साहेब?"

"पालक जमिनीवर," बोबडे साहेब म्हणाले.

वानखडे माझ्या शेजारी सतरंजीवर येऊन बसले. बस गेली ती आम्ही दोघांनी पाहिली. वरून शेंगांची टरफलं पडत होती, आमच्या डोक्यांवर, खांद्यांवर, सतरंजीवर. वानखड्यांनी केसांतलं एक टरफल काढून उघडून पाहिलं. त्यात एक दाणा राहिला होता. तो त्यांनी खाल्ला.