रिंगवरचे साहेब

धाराशिवमधल्या एका महाविद्यालयात महिला बास्केटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी शिवरंजनी मॅडमची नेमणूक झाली. दुय्यम किंवा सहायक प्रशिक्षक कुणी नसल्यामुळं मुख्यपद आपोआपच त्यांच्याकडं आलं. नेमणूक तासिका तत्त्वावर होती. म्हणजे मैदानावर उभं असेपर्यंत प्रशिक्षक आणि फाटकाबाहेर पडलं की बेकार. प्राचार्य अमरनाथ सरांनी मात्र शब्द दिला होता, "विद्यापीठाचा चषक आणा मॅडम, पुढच्याच बैठकीत कायम करून घेतो. नाही आला, तर हा खेळ संस्थेला परवडतो का, याचा फेरविचार करावा लागेल."

मॅडमनी मन लावून संघ उभा केला. तेर गावची दीपमाला पहिल्या एसटीनं यायची आणि दप्तर खाली ठेवायच्या आधी चेंडू रिंगमध्ये टाकायची. नंदा वाऱ्यासारखी पळायची. शिवांजली कप्तान होती, आणि तिची जीभ तिच्या पायांहून चपळ होती. या मुलींनी एकेक संघ हरवला आणि त्या विद्यापीठाच्या अंतिम फेरीत पोचल्या. इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. मग गावानं त्यांचं अभिनंदन केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुली सरावाला आल्या.

"मॅडम, रिंग कुठं गेली?" दीपमालानं विचारलं.

रिंग जागेवरच होती, तिच्यावर फ्लेक्स होता. मैदान रस्त्याला लागून आणि रिंगमागचा बोर्ड उंच, त्यामुळं येणाऱ्या-जाणाऱ्याला नीट दिसावं म्हणून अभिनंदन थेट बोर्डालाच आवळलं होतं. मधोमध हात जोडलेले संस्थेचे अध्यक्षसाहेब, शेजारी सचिवसाहेब, खाली शुभेच्छुकांची रांग आणि अगदी कोपऱ्यात विजयी संघ. फ्लेक्सवाल्याकडं मुलींचा फोटो नव्हता. त्यानं मोबाईलवर बास्केटबॉल संघ शोधला आणि जो सापडला तो लावला.

"ह्यात मी कंची?" नंदानं विचारलं.

"ती दाढीवाली," शिवांजली म्हणाली. "उंची जुळती तुझी."

मॅडम दोरीला हात घालणार एवढ्यात शिपाई रामकिसनमामा धावत आले. "हात लावू नगा मॅडम! साहेब हायेत वर."

मॅडम प्राचार्यांकडं गेल्या.

"फ्लेक्स काढायला माझी काहीच हरकत नाही," अमरनाथ सर म्हणाले. "फक्त मी काढणार नाही, तुम्ही काढायचा नाही आणि शिपायाला सांगायचं नाही."

"मग सर?"

"ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा. आपल्याकडं रिवाज आहे तसा."

देव बसवला की त्याच्या उठण्याचा दिवसही ठरलेला असतो. घट बसतात, घट उठतात. गणपती येतो आणि डोळ्यांत पाणी आणून जातोही. फ्लेक्सला मात्र पंचांगात तिथी नाही. तो बसतो, आणि वारा फाडेपर्यंत बसूनच राहतो.

फ्लेक्स युवा नेते शंभूभाऊंनी बांधला होता. त्यांनी मॅडमना खुर्ची दिली, चहा मागवला.

"ताई, पोरींचा लई अभिमान हाय आपल्याला. म्हणून तर बांधला. पर निवडणूक तोंडावर आलीय. आज म्या दोरी सोडली की उद्या गावभर होईल, शंभूनं साहेबांना उतरवलं."

"मग निदान थोडा खाली तरी घ्या."

शंभूभाऊंनी कानाला हात लावला. "साहेबांना खाली घेऊ?"

मैदानाच्या दुसऱ्या टोकाची रिंग मोकळी होती. मुलींनी तिकडं सराव सुरू केला. तेवढ्यात सचिवांच्या माणसांच्या लक्षात आलं की पहिल्या फ्लेक्सवर सचिवसाहेब अध्यक्षसाहेबांपेक्षा बोटभर लहान आहेत. त्यांनी टेप आणून माप घेतलं आणि दुसऱ्या रिंगवर सचिवसाहेब पूर्णाकृती बसवले.

"अहो मॅडम," प्राचार्य समजुतीनं म्हणाले, "दोन रिंगा वगळल्या तर सगळं मैदान तुमचंच आहे. पळा, पास द्या, अडवा. रिंग काय, सामन्याच्या दिवशी भेटेलच."

दीपमालाला राहवलं नाही. "मॅडम, ध्यानात हाय मला ती कुठं हाय. मारू का अंदाजानं?" आणि तिनं चेंडू मारला. अंदाज अचूक होता, पण रिंगच्या पुढं नेमकं अध्यक्षसाहेबांचं नाक आलेलं होतं. रस्त्यावरच्या कुणीतरी तो क्षण मोबाईलवर टिपला. दुपारी तातडीची बैठक झाली आणि संध्याकाळी आदेश निघाला: सरावादरम्यान चेंडू मान्यवरांच्या कमरेच्या वर जाणार नाही, याची मुख्य प्रशिक्षकांनी दक्षता घ्यावी.

मुली गुणी. सांगितलं ते शिकल्या. चेंडू जमिनीलगत खेळवत साहेबांच्या पायापर्यंत जायचं, तिथून वळायचं आणि परत यायचं. नंदा तर तिथं पोचली की नकळत मान लववायची.

अंतिम सामन्यात प्रेक्षक थक्क झाले. आमच्या मुलींच्या हातून चेंडू कुणाला काढून घेता येईना. दीपमाला सगळ्यांना चुकवत रिंगखाली पोचली. पुढं कुणी नाही, वर रिंग मोकळी. तिनं चेंडू उचलला, वर पाहिलं आणि अदबीनं मागं पास दिला.

मध्यंतरात पंच मॅडमजवळ आले. "मॅडम, तुमच्या मुली रिंगमध्ये चेंडू का टाकत नाहीत?"

"सवय नाही सर," मॅडम म्हणाल्या. "आमच्याकडं तिथं माणसं असतात."

उत्तरार्धात शिवांजलीनं धीर केला. चेंडू रिंगपासून हातभर लांबून गेला. जिथं नाक नव्हतं तिथलंही नाक तिनं वाचवलं. संघ हरला. इतका शिस्तबद्ध संघ आपण पाहिला नाही, असं पंचांनी जाताना आवर्जून सांगितलं.

परतीच्या एसटीत दीपमाला म्हणाली, "मॅडम, हात वर जात हुता हो. पर डोळ्यांपुढं ते नाकच आलं."

मॅडमना हसू फुटलं, मग दीपमालालाही.

"उपविजेतेपद म्हणजे काही चषक नव्हे," अमरनाथ सर म्हणाले. फेरविचार झालेला होता. तासिका संपल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवरंजनी मॅडम भाजीची सुरी घेऊन मैदानावर आल्या. "मामा, आता मी संस्थेची कुणी नाही. तेवढी शिडी धरता?"

रामकिसनमामांनी इकडंतिकडं बघितलं आणि शिडी धरली. गर्दी जमली. दोरी कापली गेली आणि साहेब हात जोडलेल्या अवस्थेतच जमिनीवर आले. तेवढ्यात काखेत गुंडाळी घेऊन शंभूभाऊ पोचले.

"अवो ताई, सांगायचं न्हाय व्हय! जुना काढायचाच हुता. उपविजेतेपदाचा नवा आणलाय की! तुमचा बी फोटो हाय ह्यात, माजी मुख्य प्रशिक्षक म्हणून."

जुना उतरला होता आणि नवा अजून चढायचा होता. तेवढ्यात दीपमालानं चेंडू मारला. तो कडेला न शिवता रिंगमधून खाली आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मग नवा फ्लेक्स चढवायला हात दिला.

त्या गर्दीत तुम्हीही होता. या फ्लेक्सबाजीनं गावाचा कसा नाश चालवलाय यावर तुम्ही बोललात, आणि खरंच छान बोललात. शंभूभाऊ शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"सर, पुढच्या फ्लेक्सला तुमचा एखादा फोटो पाठवा की," ते म्हणाले.

"छे, छे, मला कशाला," तुम्ही म्हणालात, आणि मोबाईल काढून तो बरा आलेला फोटो शोधू लागलात.