बूड टेकायला फुरसत नाही

डेल्मर स्टॅलर्डने आयुष्यात एकच काम मन लावून केलं होतं, ते म्हणजे बसणं! टेनेसीच्या डोंगरातल्या त्या गावात ओसरीवर बसणारे पुष्कळ होते. पण सकाळच्या बिस्किटांपासून रात्रीच्या जेवणापर्यंत एकाच खुर्चीत, पोटावर गिटार ठेवून बसण्याचा मान त्याचाच. घर चालायचं ते बायकोच्या, आर्डिथच्या जिवावर. ती शाळेची बस चालवायची, शनिवारी लोकांचे केस कापायची आणि उरल्या वेळात कोंबड्या, भाजीचा वाफा, चर्चची भांडी! आणि या गृहस्थाने गाणं रचलं होतं ते कशावर? तर अखंड राबण्यावर!

"अनुभव लागतो कशाला?" तो आर्डिथला म्हणाला. "मी रोज तुला बघतोच की!"

गाणं असं होतं:

पहाटे कुंपण, दुपारी छप्पर, अडली गाय सोडवीन,
माणूस कमी पडला तर शवपेटीला खांदा देईन!
पायाला भिंगरी, एका जागी ठरत नाही,
हाक मारा, आलोच गड्यांनो, बूड टेकायला फुरसत नाही!

त्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता जिल्ह्याच्या जत्रेत तो हे गाणं म्हणणार होता, आणि तिथली गाणी ऐकायला नॅशव्हिलच्या गाण्यांच्या कंपनीचा माणूस येणार होता. बावीस वर्षं डेल्मर नॅशव्हिलला गाणी पाठवत होता. तिकडून साधा नकारही कधी आला नव्हता! आता वय चोपन्न. पुन्हा असा माणूस गावात कोण आणणार?

"आर्डिथ, आज आपलं नशीब उघडतंय! फक्त लोकांना आधी जरा गरम केलं पाहिजे."

म्हणून सकाळी आठला तो गावच्या रेडिओवर गेला. आता आठ ते नऊ हा तिथे देवाणघेवाणीचा तास! कुणाला बकऱ्या विकायच्या असतात, कुणाला विहीर उपसून द्यायची असते. अख्खा जिल्हा कागद-पेन्सिल घेऊन बसतो. निवेदक कर्टिसने डेल्मरला दोन बकऱ्या आणि एक जुना फ्रीज यांच्या मधे बसवलं. डेल्मर जीव ओतून गायला. संपल्यावर कर्टिस सवयीप्रमाणे म्हणाला, "तर मंडळी, हे डेल्मर स्टॅलर्ड! नंबर लिहून घ्या." आणि नंबर दोनदा सांगितला.

डेल्मर घरी पोचला तर अंगणात मिस ऑपलचा ट्रक! एक्याऐंशी वर्षांच्या मिस ऑपलने त्याला लहानपणी चर्चमध्ये बायबल शिकवलं होतं. अशा बाईला तिकडे एकच उत्तर देता येतं: हो मॅडम.

"ऐकलं रे तुला रेडिओवर!"

"खरंच? आवडलं, मिस ऑपल?"

"आवडलं म्हणून तर आले! बस ट्रकमध्ये. माझं कुंपण ओढ्याकडून पार आडवं झालंय."

"अहो, पण ती कविता आहे!"

"असू दे की. हातमोजे घेतलेस का?"

"हो मॅडम," म्हणाला डेल्मर, आणि गेला.

चौदा खांब! सातव्या खांबाला हाताला फोड आले, दहाव्याला फुटले. चौदावा ठोकतोय तोच पलीकडच्या शेतातला रॉस्को धापा टाकत आला. "चल लवकर, गाय अडलीय!" डेल्मरला गाईची आयुष्यभर भीती. "मला त्यातलं काही कळत नाही रे!" "मग गातोस कशाला?" रॉस्को ओरडला. डेल्मर त्याच्यामागे निघाला. अर्ध्या तासाने वासरू बाहेर आलं आणि डेल्मर शेणात आडवा झाला. गाईला त्याच्यापेक्षा लवकर उभं राहता आलं.

तिथून त्याला रॉस्कोच्या शेजाऱ्यांनी परस्पर उचलून आपल्या गळक्या छपरावर चढवलं. साडेतीन वाजता खालून धर्मोपदेशक ब्रदर हार्लनची हाक आली. "डेल्मर, उतर! पेटी उचलायला पाचच जण आहेत. सहाव्याची कंबर धरलीय."

"कोण गेलं, ब्रदर हार्लन?"

"तुझ्या ओळखीचे नव्हते. पण ओळख लागेल असं गाण्यात कुठे म्हणालास?"

मग दुसऱ्याचा काळा कोट आणि खाली शेणाने भरलेली पँट अशा अवतारात त्याने एका परक्या माणसाला दफनभूमीच्या टेकडीवर पोचवलं. बाकीचे पाच जण शांत होते. एकटा डेल्मर रडत होता. मृताची विधवा हेलावून म्हणाली, "या माणसाचा फार जीव होता हो आमच्या ह्यांच्यावर!"

पाचला दहा कमी असताना आर्डिथ शाळेची पिवळी बस घेऊन दफनभूमीच्या दारात आली. गिटार आणली होती.

"दाखव हात," ती म्हणाली. पाहिले. मग तिने स्वतःचा रुमाल फाडून त्याची बोटं बांधली.

"आर्डिथ, तू हे रोज करतेस?"

"गाय नाही सोडवत," ती म्हणाली. "बस आता. आज तुझा दिवस आहे." आणि तिने बस अशी पिटाळली की आगीचा बंब मागे पडावा.

डेल्मर मंचावर गेला आणि गायला. जन्मात पहिल्यांदा त्याला आपल्याच गाण्याचा अर्थ कळत होता! 'कुंपण' म्हणताना आवाज फाटला, 'खांदा' म्हणताना डोळे भरले. असा तो कधीच गायला नव्हता. गाणं संपलं. मग मागून एक हात वर झाला.

"मंगळवारी मोकळा आहेस का?"

आणि भराभर हातच हात! "आमचं कोठार रंगवायचंय!" "झाड पडलंय रे!" "आमच्याकडे पण एक आजोबा आहेत, फार दिवस नाहीत!"

डेल्मर मंचाच्या पायरीवर मटकन बसला. एवढ्यात गर्दीतून वाट काढत नव्याकोऱ्या बुटांतला एक माणूस त्याच्याकडे धावत आला. नॅशव्हिलचा!

"मिस्टर स्टॅलर्ड! सकाळपासून तुमचा नंबर फिरवतोय, लागतच नाही! गाडीत ऐकलं तुम्हाला आणि तिथेच ठरवलं, हाच माणूस आपल्याला हवा!"

आर्डिथने डेल्मरचा दंड घट्ट धरला. बावीस वर्षं!

"मग... कधी सुरू करायचं?" डेल्मरने विचारलं.

"सोमवारीच! इथे नदीकाठी जागा घेतलीय मी. चारी बाजूंनी उघडी, शेजारच्यांची गुरं घुसतात. कुंपण पाहिजे."

"आणि गाणं?"

"कुठलं गाणं?"

"हे... आत्ता म्हटलं ते."

"अच्छा, जाहिरात!" नॅशव्हिलचा माणूस म्हणाला. "छान आहे. जरा लांबली."

डेल्मरने आर्डिथकडे पाहिलं, मग रुमालात गुंडाळलेल्या बोटांकडे.

"हो सर," तो म्हणाला. "सातला येऊ की आठला?"