सोयरिकीचा पंखा

“उठा. तुमचं ग्लोबल वॉर्मिंग पडलंय अंगणात. बघून घ्या.”

माहादेबेनं नवऱ्याच्या अंगावरचं ब्लँकेट ओढलं आणि घडी घालत ती निघूनही गेली. आज घरातलं प्रत्येक ब्लँकेट पाहुण्यांच्या खुर्च्यांवर घालायचं होतं. गुमेडे मास्तर कुडकुडत खिडकीशी गेले. कोबीचे वाफे, कोंबड्यांचं खुराडं, शेजाऱ्याची बिनचाकांची मोटार, सगळं पांढरंफेक. डर्बनपासून वर डोंगरात असलेल्या एसिगोदिनीच्या दरीत बर्फ पडलेला मास्तरांनी जन्मात पाहिला नव्हता. पडायचंच होतं तर मेलं एरवी कधी पडतं, आजचाच मुहूर्त बरा सापडला, असं त्यांच्या मनात आलं.

मास्तरांनी उभी हयात शाळेत भूगोल शिकवला होता आणि निवृत्त झाल्यावर तो गावाला शिकवायला घेतला होता. पृथ्वी तापतेय, हे ते दुकानात सांगत, चर्चमध्ये सांगत, मयताला गेले तर तिथंही सांगत. नोझिझ्वेचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं, पहिलं लग्न ह्याच पायी मोडलं होतं. मुलाच्या काकाचे चार ट्रक होते. ‘तुमचे ट्रक पृथ्वीला शिजवतायत,’ असं मास्तर त्याला चहाचा कप हातात देता देता म्हणाले. काका कप तसाच ठेवून उठला आणि त्यातल्याच एका ट्रकमध्ये बसून निघून गेला.

म्हणून ह्या खेपेला मायलेकींनी मास्तरांना शपथ घातली होती. मेन्झीकडचे लोक मागणी घालायला येतील तेव्हा तापमानाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. मेन्झी मुलगा लाखात एक होता आणि नोझिझ्वेचा जीव त्याच्यावर जडला होता. “बाबा, आता मोडलं तर मी तुमच्याच घरी म्हातारी होईन,” ती म्हणाली होती, आणि मास्तर खरोखरच घाबरले होते.

पण शपथेच्या आधी घोटाळा होऊन गेलेला होता. मुलीच्या बापाला मुलाकडच्यांनी जाड लोकरीचा ओव्हरकोट द्यायचा, सगळ्यांसमोर अंगात घालून दाखवायचा, ही पूर्वापार रीत. उन्हाळ्यात मेन्झीनं अदबीनं कोटाचं माप विचारलं, आणि त्या दिवशी गावात इतकं उकडत होतं, की मास्तरांच्या तोंडावर ताबा राहिला नाही. “कोट? अरे, कोटाचे दिवस संपले. मला पंखा आणा. उभा, तीन स्पीडचा.” एवढ्यावर थांबतील तर ते मास्तर कसले. त्यांनी स्वतःचा जुना कोट चारचौघांदेखत कोबीतल्या बुजगावण्याच्या अंगात चढवला. ‘रॉकेल जाळणं म्हणजे पृथ्वीच्या बुडाखाली जाळ लावणं,’ असं म्हणून हीटरही भंगारवाल्याला देऊन टाकला. आता त्यांच्याजवळ उरलं होतं ते शाळेतलं पातळ जाकीट, कोपरावर विरलेलं.

मास्तरांचे थोरले भाऊ भेकीदादा स्वतःचा कोट, त्यावर शाल, त्यावर बायकोची शाल अशा थाटात आत आले. मुलीच्या बापानं बोलणी करायला बसायचं नसतं, ती काकानं करायची, म्हणून आज घराचा कारभार त्यांच्याकडे होता.

“काय रे डुमिसानी, बाहेर काय पडलंय ते?”

“बर्फ.”

“तुझ्या पुस्तकात तर सगळं वितळत होतं.”

“दादा, पृथ्वी तापते म्हणूनच वाऱ्यांचं गणित बिघडतं. दक्षिणेकडचा गार वारा आपल्या जागेवरून हुसकला जातो, तो इकडं घुसतो—”

“म्हणजे उकडलं तरी तुझंच खरं, गारठलं तरी तुझंच खरं. माझी पहिली बायको अश्शीच होती.”

“दादा, हवा वेगळी आणि हवामान—”

“बाबा,” नोझिझ्वे दारातून म्हणाली. “शपथ.”

तेवढ्यात फाटकाशी मोटारीची दारं वाजली आणि पाठोपाठ गुमेडे कुळाची बिरुदं ऐकू आली. पाहुणे आले होते. फाटकाबाहेर उभं राहून, टोप्या काढून, मुलीच्या कुळाच्या पिढ्यांची नावं घेत साद घालायची, आणि घरच्यांनी लगेच फाटक उघडायचं नाही, हीही रीतच.

“घ्या आत, बर्फात उभे आहेत बिचारे,” माहादेबे म्हणाली.

“घाईनं उघडलं की पोरगी स्वस्त होते,” भेकीदादा ब्लँकेटवर ऐसपैस बसत म्हणाले. “ओरडू देत. चहा टाका मला.”

साद घालणारा होता मेन्झीचा मामा, शेझी. डर्बनचा माणूस. समुद्रकाठी राहणाऱ्याकडे कोट कशाला असेल? तो आला होता चकचकीत निळ्या सुटात, आत रेशमी शर्ट, पायात टोकदार बूट. ‘हवा बिवा काही बदललेली नाही, जुलै हा थंडीचाच महिना, कायम असाच असतो,’ असं तो वाटभर भाच्याला सांगत आला होता. आता त्याचा आवाज थरथरायला लागला होता आणि गुमेड्यांच्या एका पणजोबाचं नाव त्याच्या दातांत अडकून दोनदा येत होतं.

इकडे मास्तर मागच्या खोलीत एकटे होते आणि त्यांना पाय आहेत की नाहीत ते समजत नव्हतं. ब्लँकेट मागावं तर भेकीदादा गावभर दवंडी पिटणार. मग त्यांना बुजगावणं आठवलं. बाहेर बोलावेपर्यंत कोट अंगात घालून बसता येईल, कोणाला कळायचंही नाही. मागच्या दारानं ते हळूच निघाले आणि खुराड्याच्या आडोशानं कोबीत पोचले.

बुजगावणं उघडं होतं. दोन काठ्या, वर पत्र्याचा डबा, बस्स. मास्तर बघतच राहिले. बर्फात टोकदार बुटांचे ठसे फाटकाशेजारच्या कुंपणाच्या फटीतून आले होते आणि तिथूनच परत गेले होते. भूगोलाच्या माणसाला नकाशा वाचायला शिकवावं लागत नाही. त्यांनी मान वर केली. फाटकाशी शेझी उभा होता, आणि त्याच्या अंगात त्यांचा कोट होता.

त्याच क्षणी शेझीनंही इकडं पाहिलं.

मुलीचा बाप पाहुण्यांना घरात घेण्याआधी दिसणं म्हणजे अपशकुन. तो चोरासारखा कोबीत दिसणं म्हणजे तर विचारायलाच नको. आता नोझिझ्वेचं दुसरंही मोडतंय ह्या धास्तीनं मास्तरांनी सुचलं ते केलं. दोन्ही हात आडवे पसरले, मान एका बाजूला टाकली आणि ते बुजगावणं होऊन उभे राहिले.

शेझीची बोबडी वळली. ज्याला त्यानं मघाशी स्वतःच्या हातानं उघडं केलं होतं, ते जाकीट घालून पुन्हा उभं होतं आणि त्याच्याचकडं बघत होतं. गुमेड्यांचे पूर्वज कडक, हे त्यानं ऐकलं होतं. त्यानं डोळे मिटून घेतले आणि त्या घराण्याच्या झाडून सगळ्या मेलेल्या माणसांना बेंबीच्या देठापासून हाका मारायला सुरुवात केली. नावं संपली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून.

आत भेकीदादांचे डोळे पाणावले. “काय तळमळीनं बोलावतोय. असे सोयरे मिळायला भाग्य लागतं. उघडा रे फाटक.”

फाटकाकडे सगळ्यांची धांदल उडाली तशी मास्तरांनी हात खाली घेतले, म्हणजे घ्यायचा प्रयत्न केला, कारण ते तसेच ताठ झाले होते, आणि कसेबसे मागच्या दारानं आत शिरले.

बोलणी झकास झाली. शेझी कशालाच नाही म्हणेना. मुलीसाठी मुलाकडच्यांनी द्यायच्या गायींत भेकीदादांनी वाढवून मागितलेली एक गायही त्यानं मुकाट्यानं कबूल केली आणि कोट मात्र अंगातून काढला नाही. मग भेटी देण्याची वेळ आली आणि मास्तरांना बाहेर बोलावलं. शेझीनं त्यांचं तोंड पाहिलं, जाकीट पाहिलं, जाकिटावरचा कोबीचा पाला पाहिला, आणि त्याच्या हातातला चहा बशीत सांडला. पूर्वज नव्हता तर. सोयराच होता.

माणूस डर्बनचा, लगेच सावरला.

“मास्तर, तुमच्याकडं पृथ्वी तापायला लागलीय म्हणे,” तो म्हणाला. “म्हणून दुकानातला सगळ्यात मोठा पंखा आणला.”

खोलीत हसू फुटलं. उत्तर मास्तरांच्या जिभेवर होतं, नकाशासकट. पण नोझिझ्वे कोपऱ्यात ओढणीची टोकं पिळत उभी होती. मास्तरांनी उत्तर गिळलं.

“फार उपकार झाले,” ते म्हणाले. “ठेवा तिकडं भिंतीशी.”

“भिंतीशी कसा?” भेकीदादा म्हणाले. “कोट असता तर अंगात घालून दाखवला असता. पंखा आहे, तर लावून दाखवायला पाहिजे. भेट वापरली नाही तर घेतली असं होत नाही. आणि भेट घेतली नाही तर सोयरीक कसली?”

एवढी अक्कल दादांना आयुष्यात दुसऱ्या कोणत्या दिवशी सुचली नव्हती. मास्तरांना मधोमध खुर्चीवर बसवलं. पंखा समोर उभा केला. रोज जाणारी वीज आज तरी जावी म्हणून मास्तरांनी देवाचा धावा केला, पण ती मेली बर्फ पडत असतानाही ठणठणीत होती. पंखा सुरू झाला.

“कितीवर ठेवू?” शेझीनं विचारलं.

“एकवर पुरे.”

“छे, छे. तुम्ही तीनचा मागितला होता.”

तीनवर पंख्यानं असा काही सूर धरला, की टेबलावरचे स्कोनचे गोड पाव झाकायचे रुमाल उडून गेले. दार उघडं होतं. बाहेरचे चार पांढरे कण आत आले आणि मास्तरांच्या भुवयांवर बसले. आत्यामावश्यांनी रिवाजाप्रमाणे जिभा हलवून आनंदाच्या आरोळ्या ठोकल्या. मास्तर हसत होते. निदान दात दिसत होते, आणि ते वाजतही होते.

“कसं वाटतंय?” शेझीनं विचारलं.

“मोकळं,” मास्तर म्हणाले. त्यांचे ओठ निळे पडले होते. पण ते खुर्चीवरून उठले नाहीत, लेकीकडे बघत तसेच बसून राहिले.

नोझिझ्वेला राहवेना. “पुरे करा आता,” ती पुढं होऊन म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “मरतील ते.”

शेझी वाईट माणूस नव्हता, बोलका होता एवढंच. त्यानं पोरीकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि त्याला लाज वाटली. त्यातून सोयऱ्याच्या शेतातला चोरीचा माल अंगावर बाळगून बसणं काही बरं दिसत नव्हतं. तो उठला, कोटाची बटणं सोडली आणि मोठ्यांदा म्हणाला, “पंखा मुलाकडून झाला. पण रीत ती रीत. हा कोट मामाकडून.”

त्यानं कोट मास्तरांच्या खांद्यांवर घातला. अस्तनीतून थोडं गवत खाली पडलं. बायकांनी पहिल्यापेक्षा दुप्पट आरोळ्या दिल्या.

“अगदी बेतून शिवल्यासारखा बसला,” भेकीदादा कापड चाचपत म्हणाले. “जुन्या वळणाचं दिसतंय.”

“असं कापड आता मिळत नाही,” शेझी छताकडे बघत म्हणाला.

“नाहीच मिळत,” मास्तर म्हणाले.

माहादेबेनं कोटाच्या कोपरावरचं ठिगळ पाहिलं. ते तिनंच लावलं होतं. तिनं ठिगळाकडे पाहिलं, शेझीकडे पाहिलं आणि तोंडाला एप्रन लावून ती दाराच्या चौकटीला टेकली.

मास्तरांनी खिशात हात घातला. तळाशी खडूचा तुकडा होता, शाळेतल्या शेवटच्या दिवसाचा. त्यांना हळूहळू ऊब यायला लागली, आणि उबेबरोबर त्यांचा मूळ स्वभावही. शेझी शेजारच्या खुर्चीवर बसला होता. निळ्या सुटात तो हळूहळू आखडत चालला होता. मास्तरांनी हात लांब केला आणि पंख्याच्या मागची खुंटी दाबली. पंखा मान वळवत वळवत शेझीकडे गेला आणि त्याचा टाय खांद्यावर उडाला.

शेझीनं एक फेरी सोसली, दुसरी सोसली. तिसऱ्या फेरीला त्यानं दोन्ही हात काखेत घातले.

“काही म्हणा मास्तर,” तो दातांवर दात दाबून म्हणाला, “हवा बदललीय खरी.”

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. एका माणसाच्या तोंडून हे वाक्य ऐकावं म्हणून मास्तरांनी अख्खी हयात घालवली होती. त्यांनी तोंड उघडलं. दारातून माहादेबेनं नुसतं पाहिलं. मास्तरांनी तोंड मिटलं आणि खिशातला खडू मुठीत धरला.

“असेल बुवा,” ते म्हणाले. “आम्हाला काय कळतंय त्यातलं. तुम्ही जरा इकडं सरका बघू, तिथं वारा कमी लागतोय तुम्हाला.”