सोनगीरला थांबलेला कप

भांड्याचा पोचा काढावा तर सोनगीरच्या भिकन तांबटानेच, हे मी म्हणत नाही, अख्खा आग्रा रोड म्हणतो! हंडा असो, घंगाळ असो, ट्रॅक्टरखाली आलेला बंब असो, माझा लाकडी हातोडा फिरला की तो पुन्हा नवरदेवासारखा ताठ उभा राहतो. त्यामुळे नव्वद सालच्या सुमारास एका दुपारी दुकानापुढे जीप थांबली आणि एक टायवाला तरुण टॉवेलात काहीतरी गुंडाळून तान्ह्या पोरासारखं सांभाळत उतरला, तेव्हा मी ऐटीत म्हटलं, आणा इकडे, चहा होईस्तोवर करून देतो.

टॉवेल उघडला आणि मी हातातला हातोडा खाली ठेवला.

आत कप होता. हातभर उंच, चांदीचा मुलामा, दोन्ही बाजूंना मोराच्या मानेसारखे कान. खालच्या लाकडी बैठकीवर देशांची नावं. आमच्या दुकानात आजवर सगळ्यात लांबून आलेलं भांडं म्हणजे शिरपूरचं! आणि हे आशिया खंडातल्या तरुण पोरांच्या फुटबॉल स्पर्धेचं बक्षीस. दुसऱ्या दिवशी इंदूरला फायनल. तो तरुण, पंडित साहेब, मुंबईच्या स्पर्धा समितीतला. कप पोचवायचं काम त्याच्याकडे, नोकरीतलं पहिलंच मोठं काम. वाटेत कापसाची बैलगाडी आडवी आली, ड्रायव्हरने ब्रेक दाबला, कप मांडीवरून निसटला आणि पोटात हा एवढा पोचा.

"हा असाच नेला तर माझी नोकरी गेली," पंडित साहेब म्हणाले.

मी हात धुतले. पायातली चप्पल काढली. मग हातोडा उचलला. कुठल्या कुठल्या देशांतली पोरं ज्याच्यासाठी धावत होती, ते माझ्या मांडीवर उताणं पडलं होतं. आतून हलक्या हाताने ठोकत गेलो आणि पोचा असा गेला, की मलाच दिसेना कुठे होता! पंडित साहेबांनी माझे हात धरले.

आमचे वडील उखर्डू आबा कोपऱ्यात बसून हे बघत होते. भांड्यावर नाव घालायचं काम त्यांचं. छिन्नीने ठिपका ठिपका जोडून ते अक्षरं काढतात. बिननावाचं भांडं त्यांनी आजवर दुकानाची पायरी उतरू दिलेलं नाही, कारण लग्नकार्यात भांडी बदलतात आणि मग सोयरिकी तुटतात, असं त्यांचं मत.

"हाई भांडं कोनं शे?" आबांनी विचारलं.

पंडित साहेबांनी अदबीने समजावलं, की आबा, हा एकाचा नाही. जो देश जिंकतो तो दोन वर्षं ठेवतो, मग परत करतो, मग दुसरा जिंकतो. आबांनी मान डोलावली. त्यांना अगदी पटलं.

कुंदाबाईंनी, म्हणजे आमच्या मंडळींनी, पीठ मळायचं सोडून चहा टाकला. आम्ही ओट्यावर बसलो. पंडित साहेबांच्या तोंडावर रंग आला. दुकानातून टिक टिक ऐकू येत होतं. जन्मल्यापासून मी तोच आवाज ऐकतोय, मला तो ऐकू येतच नाही, त्याला मी काय करू!

आत गेलो तर आबा फुंकर मारून छिन्नी पुसत होते. कपाच्या पोटावर ठळक ओळ झळकत होती. मंदिरात ठेवलेल्या गावपंगतीच्या प्रत्येक भांड्यावर ते जी घालतात तीच. "वापरून झाल्यावर घासून परत करावे."

पंडित साहेब पायरीवरच बसले. मी आबांवर ओरडणार होतो, पण आबा शांतपणे म्हणाले, की बठ्ठासनं, म्हणजे सगळ्यांचं, भांडं शे, मग दुसरं काय लिहिणार? खोडावं तर मुलामा निघतो. शेवटी साहेबांनी ठरवलं, कोरी बाजू पुढे धरायची आणि देवाचं नाव घ्यायचं. जीप गेली.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या टीव्हीपुढे सगळं गाव जमलं. फुटबॉल कुणाला कळत होता! पण ती पोरं हरणासारखी पळत होती आणि आमची म्हातारी माणसंसुद्धा श्वास रोखून बसली होती. सामना संपला. जिंकलेल्या संघाचा कप्तान, मिसरूडही न फुटलेला पोरगा, रडत रडत पुढे आला. त्याने कप डोक्यावर धरला आणि गर्रकन वळला. कॅमेरा पुढे, आबांची ओळ पुढे! त्या पोराने नेमका तिच्यावरच ओठ टेकवला. सगळ्या माना आबांकडे वळल्या. मग कोणीतरी उठून आबांच्या पाया पडलं. मी मात्र पंडित साहेबांच्या नोकरीचा विचार करत खाली बघत बसलो.

दोन वर्षांनी तीच जीप आली. मी आत लपणार, तेवढ्यात पंडित साहेबांनीच हाक मारली. हातात पेढे! मोठ्या साहेबांना ती ओळ संस्कृत आशीर्वाद वाटली होती, यांनीही होला हो केलं होतं. पण जिंकलेल्या देशाने वकिलातीतून अर्थ काढून घेतला आणि स्पर्धेचा नियम समजून पाळला. एरवी चारदा मागून न येणारा कप यंदा आपणहून आला होता, लखलखीत घासून! आता जीपमध्ये आणखी तीन कप होते, त्यांच्यावरही आबांनी तेच लिहावं म्हणून.

ऐकून माझा ऊर भरून आला. म्हटलं, आबा, परदेशातल्या माणसांनी तुमचा शब्द पाळला!

आबांनी छिन्नी उचलली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मंग आते तू बी पाळ. कुंदा जीमा पीठ मळस, ती गावपंगतनी परात घास आनि मंदिरमा दी ये."