ज्ञानकोशातले सासरेबुवा

माझं लेखन घराघरांत असतं! खोटं वाटतंय? तुमच्या मिक्सरच्या खोक्यात तळाशी एक घडी केलेली माहितीपुस्तिका होती, आठवतंय? 'पाते फिरत असताना भांड्यात बोट घालू नये.' हे वाक्य माझं! मिक्सर, इस्त्री, गीझर, वॉशिंग मशीन, जे जे विजेवर चालतं त्या सगळ्याची माहिती मी लिहितो. लोक ती न वाचता फेकतात, हा त्यांचा दोष.

त्यामुळे बायको जेव्हा म्हणाली, "बाबांवर ज्ञानकोशात लेख यायला हवा, त्या इंटरनेटवरच्या," तेव्हा मी कप खाली न ठेवताच म्हणालो, "हात्तिच्या! एका दुपारचं काम!"

बाबा म्हणजे माझे सासरे. हवामान खात्यातून निवृत्त झालेले आणि आमच्याकडेच राहणारे. पूर्वी टीव्हीवर बातम्या संपल्या की एक गृहस्थ नकाशासमोर उभे राहून काठीने ढग दाखवायचे ना, ते हेच. परवापरवापर्यंत मजेत होते. मग एके दिवशी लिफ्टमध्ये समोरच्या फ्लॅटमधले दंतवैद्य भेटले. या दंतवैद्यांनी तरुणपणी अक्कलदाढ उपटायचा एक वाकडा चिमटा शोधून काढला होता आणि तेवढ्या भांडवलावर ज्ञानकोशात त्यांच्यावर लेख आहे. फोटोसकट! त्यांनी मोबाइल सासरेबुवांच्या नाकाखाली धरला आणि विचारलं, "तुमचं आहे का हो यात काही?"

झालं! तेव्हापासून सासरेबुवा जेवताना चमचा नुसता फिरवत बसायचे आणि उसासे टाकायचे. असे उसासे, की टेबलावरचा पेपर नॅपकिन उडावा! यालाच त्यांच्या खात्यात कमी दाबाचा पट्टा म्हणत असावेत.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. आमच्या घरात ती कुणी तोंडातून काढत नाही, म्हणून इथे हळूच सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी सासरेबुवांनी टीव्हीवर छानसं हसून सांगितलं होतं, "उद्या आकाश निरभ्र राहील." दुसऱ्या दिवशी गावात नव्या स्टेडियमचं उद्घाटन होतं. मंत्री, बँड आणि मैदानभर पसरलेला पांढराशुभ्र तंबू! भाषण रंगात आलं आणि असं काही वादळ सुटलं, की तो अख्खा तंबू दोर-खुंट्यांसकट उडाला, रस्ता ओलांडून गेला आणि समोरच्या न्यायालयाला गुंडाळून बसला. आत खटला चालू होता. न्यायाधीशांनी काळोखातच पुढची तारीख दिली. सुदैवाने कुणाला खरचटलंही नाही. मंत्र्यांचा केसांचा टोप मात्र शेवटपर्यंत सापडला नाही.

गावात त्यानंतर 'निरभ्र' या शब्दाचा अर्थच बदलला. "पेपर कसा गेला?" "निरभ्र!" म्हणजे नापास!

तेव्हापासून सासूबाईंचा दंडक: हा विषय निघता कामा नये. निघालाच, तर जवळ असेल त्याने दुसरा विषय काढायचा. आमच्याकडे सर्कशीबद्दलसुद्धा कुणी बोलत नाही.

तर मी सासरेबुवांची मुलाखत घेतली. ते दुपारभर ढगांच्या जातींवर बोलले. मी त्यातलं काहीही न घेता स्वतःच्या प्रतिभेने लेख लिहिला: 'थोर, द्रष्टे, निगर्वी, ढगांचे निष्णात जाणकार आणि हवामानक्षेत्रातील दीपस्तंभ.' तंबूचा अर्थातच उल्लेख नाही. लेख चढवला. सासरेबुवांनी चष्मा पुसून वाचला, पुन्हा पुसला, पुन्हा वाचला. मला चक्क "जावईबापू" म्हणाले! एरवी मी नुसता "अहो, जरा ते दार लावा" असतो.

चहा उकळेपर्यंत लेख गायब! त्या जागी 'कात्री' नावाच्या कुण्या संपादकाचा निरोप: 'दीपस्तंभ समुद्रकिनारी असतात. प्रचारकी मजकूर काढला असता फक्त जन्मतारीख उरली. स्वतंत्र संदर्भ द्यावेत.'

माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी लिहिलं, 'संदर्भ म्हणून माझ्या सासूबाई उपलब्ध आहेत. त्यांना सगळं माहीत आहे.'

उत्तर आलं. मी ते मोठ्याने वाचलं, हीच चूक झाली. "आपल्या सासूबाई स्वतंत्र नाहीत."

सासूबाई झारा घेऊनच बाहेर आल्या. "कोण म्हणतं मी स्वतंत्र नाही? नंबर दे त्याचा!"

"आई, तसं नव्हे, स्वतंत्र म्हणजे..." बायको समजवायला गेली.

"मला नको शिकवू! या घरात माझ्याइतकं स्वतंत्र कोण आहे सांग!"

कुणीच नव्हतं. पण हे कात्रीला कोण समजावणार? रागाच्या भरात मी कीबोर्ड बडवला आणि आयुष्यातलं सगळ्यात मूर्ख वाक्य लिहून बसलो: 'अहो, त्या काळातली वर्तमानपत्रं उघडून बघा! पानोपानी त्यांचं नाव सापडेल!'

कात्रीने शांतपणे लिहिलं, 'धन्यवाद. बघण्यात येतील.'

पुढे काही दिवस सामसूम. मी बायकोला म्हणालो, "गप्प केलं की नाही?" आणि मग एका सकाळी निरोप आला: 'आपण म्हणालात ते शंभर टक्के खरं आहे. पानोपानी आहे!' कात्रीने पहिल्यांदाच उद्गारचिन्ह वापरलं होतं.

लेख उघडला. केवढा तो लेख! भलामोठा! त्यात विभाग: 'तंबू प्रकरण'. 'न्यायदानावरील परिणाम'. 'टोपाचा शोध'. 'भाषेवरील प्रभाव', त्यात 'निरभ्र' शब्दाची उत्पत्ती सोदाहरण! शिवाय एक जुनं व्यंगचित्र: सासरेबुवा काठीने ढग दाखवताहेत आणि मागे मंत्री तंबूच्या दोराला लोंबकळताहेत.

मी सगळं पुसलं. परत आलं. पुन्हा पुसलं. पुन्हा आलं! ओल्या फडक्याने फळा पुसावा आणि खडू आतून उगवावा, तसं! शेवटी सूचना झळकली: 'आपण विध्वंसक संपादन करत आहात. आपलं खातं ब्लॉक करण्यात आलं आहे.'

विध्वंसक! मी! ज्याने आयुष्यभर लोकांची बोटं वाचवली!

बायको म्हणाली, "मग दुसऱ्या कुणीतरी पुसा ना! दादाला सांगते."

दादा म्हणजे माझा मेव्हणा. ड्रायव्हिंग स्कूल चालवतो आणि दिसेल तिथे ब्रेक दाबतो. त्याने लेखात पहिलंच वाक्य घातलं: 'असं कोणतंही वादळ झालंच नव्हतं.' तोही ब्लॉक झाला. मग बायकोची मावशी पदर खोचून उतरली. चर्चापानावर तिने खणखणीत लिहिलं, 'सगळं धादांत खोटं! मी स्वतः तिथे हजर होते. तंबू आधी न्यायालयावर गेलाच नव्हता. आधी बँडवर पडला, ट्रॉम्बोनवाल्याला गुंडाळलं आणि मग न्यायालयावर गेला.'

कात्रीने मावशीचे मनापासून आभार मानले, जुन्या वर्तमानपत्रातून ट्रॉम्बोनवाल्याची मुलाखत शोधून काढली आणि लेखात नवा विभाग आला: 'बँडवरील परिणाम'.

"मावशी, अगं काय केलंस हे?" बायको किंचाळली.

"मी फक्त क्रम दुरुस्त केला!" मावशी म्हणाली.

शेवटी पानाला कुलूप लागलं. आणि एवढी झटापट बघूनच की काय कोण जाणे, ज्ञानकोशाच्या मंडळींना लेख फारच आवडला. त्यांनी जाहीर केलं, की येत्या रविवारी हा लेख मुखपृष्ठावर झळकेल. रविवारी सासरेबुवांचा वाढदिवस होता! सगळे नातेवाईक घरी यायचे होते!

बायको नुसती बसली. "बाबा मोडून पडतील रे," ती म्हणाली. आता ती चिडलेली नव्हती, हे जास्त वाईट होतं. "लहानपणी शाळेत मला सगळे निरभ्र म्हणून चिडवायचे. मी कधी घरी सांगितलं नाही. बाबांना कळू नये म्हणून."

मग मी कंबर कसली. रविवारी सकाळी इंटरनेटचा राउटर भिंतीवरून उपटला. लपवायला जागा शोधतोय, तोच पॅसेजमध्ये सासरेबुवांच्या चपला वाजल्या. समोर वॉशिंग मशीन दिसलं. राउटर आत टाकला, झाकण लावलं आणि शीळ घालत उभा राहिलो.

"आज टीव्हीवर काही दिसत नाही," सासरेबुवा म्हणाले.

"ढगाळ असेल," मी म्हणालो. आणि जीभ चावली.

दारात मेव्हणा बुटांचा रिकामा खोका घेऊन पाहुण्यांचे मोबाइल गोळा करत होता. "आज मोबाइल नको! आज फक्त एकमेकांशी बोलायचं!" लोकांना गहिवरून आलं. एका काकूंनी तर डोळे पुसले. सगळं सुरळीत चाललं होतं. इतक्यात आतून आवाज यायला लागला. खड्-खड्-खडाम! सासूबाईंनी टेबलक्लॉथ धुवायला टाकला होता. 'यंत्र सुरू करण्यापूर्वी आत परकी वस्तू नाही याची खात्री करावी.' वाक्य माझंच! पण सासूबाईही माझं लेखन वाचत नाहीत.

मी मशीनकडे धावलो आणि नेमकी त्याच क्षणी बेल वाजली. दार उघडलं बायकोने. समोर दंतवैद्य, सगळे दात दाखवत. हातात छापील कागदांचा गठ्ठा!

"अभिनंदन! अहो, मुखपृष्ठावर! माझा चिमटा कधी गेला नाही हो मुखपृष्ठावर!" असं म्हणत त्यांनी एक प्रत सासरेबुवांच्या हातात ठेवली आणि उरलेल्या पाहुण्यांत वाटल्यासुद्धा!

पाहुणे माना खाली घालून वाचायला लागले. आत राउटर गरगरत होता.

"बाबा, केक कापू या?" बायको म्हणाली.

"काय बाई उकडतंय आज!" विषय बदलायचा म्हणून मावशी बोलून गेली. "आणि वाराही सुटलाय!"

सासूबाईंनी तिच्याकडे असं बघितलं, की मावशी सोफ्यात खालपर्यंत रुतली.

सासरेबुवा वाचत होते. सावकाश, बोट फिरवत. त्यांचे ओठ थरथरायला लागले. खांदे हलायला लागले. बायको त्यांच्याकडे झेपावली. आणि सासरेबुवा फुटले! रडण्यात नव्हे, हसण्यात! इतके हसले, की ठसका लागला.

"वाऱ्याचा वेग चुकवलाय गाढवांनी," डोळे पुसत ते म्हणाले. "आणि ट्रॉम्बोनवाल्याचं खरं आहे हं! मी बघत होतो ना!"

"बघत होतात?" सासूबाईंचा आवाज बारीक झाला.

"मग! मी तिथेच होतो गर्दीत. छत्री न घेता! माझा माझ्या अंदाजावर विश्वास होता." पुन्हा हसण्याची उबळ. "काय उडाला गं तो! आधी नुसता श्वास घेतल्यासारखा फुगला, मग असा अलगद उठला... मी आयुष्यभर वारा शिकलो, पण वारा कसा असतो ते मला त्या दिवशी दिसलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना करून दाखवलं. साहेबसुद्धा लोळले हसून."

"आम्हाला नाही कधी सांगितलंत," बायको म्हणाली.

सासरेबुवा एकदम शांत झाले. हातातल्या कागदाची कड सरळ करत म्हणाले, "सांगणार होतो. पण मी तोंड उघडलं, की तुम्ही विषय बदलायचात. मला वाटलं, तुम्हाला माझी लाज वाटते."

आत मशीन थांबलं.

"अहो, तुम्हाला त्रास होतो म्हणून..." सासूबाई खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या. "सांगा आता. पहिल्यापासून सांगा."

सासरेबुवांनी सांगितलं. टेबलक्लॉथ नव्हताच, म्हणून सोफ्याची चादर ओढून तंबू करून दाखवला. मेव्हणा मंत्री झाला, मावशी ट्रॉम्बोन. बायको इतकी हसली, की खाली बसली आणि मग बाबांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून थोडी रडलीही. दंतवैद्य केक न खाताच निघून गेले. चिमट्यात सांगण्यासारखं तेवढं काही नसावं.

शेवटी सासरेबुवांनी विचारलं, "पण हे सगळं घडवून कुणी आणलं?"

मी कॉलर नीट केली. घसा खाकरला. उभा राहिलो.

"ती कात्री कोण आहे?" ते म्हणाले. "फार काटेकोर काम! त्यांना चहाला बोलवा."

कात्री चहाला आल्या. अगदी मऊ बोलणाऱ्या बाई, व्यवसायाने शिंपी. नाव उपरोधाने घेतलेलं नव्हतं! वाऱ्याचा वेग त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्त केला. जाताना सासरेबुवांना ज्ञानकोशात खातं काढून दिलं. आता त्या दर आठवड्याला येतात. दोघं माझ्या टेबलाशी बसून ढगांवरचे लेख तपासतात, एक माझ्या खुर्चीत आणि एक बायकोच्या. मी चहा आणून देतो. परवा धीर करून म्हणालो, "त्या पहिल्या परिच्छेदात 'द्रष्टे' हा एकच शब्द घातला तर..."

दोघांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"जावईबापू," सासरेबुवा म्हणाले, "तुम्ही ब्लॉक आहात ना?"

आहे. अजूनही आहे. तो ब्लॉक उठवावा म्हणून मी रीतसर विनंती केली, तर ती तपासायला नेमकी आता तिथे तपासनीस झालेल्या सासरेबुवांकडेच आली. त्यांनी उत्तरही लेखी दिलंय, घरात शेजारच्या खोलीत बसून: 'अर्जदाराचं वर्तन सुधारलं तर विचार करण्यात येईल.'