शर्यतीला निघालेली पेटी

"दादा, थांबव! चाकातून धूर येतोय!"

मागच्या सीटवरून भाऊजी ओरडले आणि बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. नऊला दहा कमी होती. तलाव अजून पंधरा किलोमीटर लांब, आणि शर्यतीची हजेरी बरोबर दहाला बंद होणार होती.

गाडी चालवत होते बाईंचे यजमान, म्हणजे फोरमन. त्यांनी ती कडेला घेतली, खाली उतरून मागच्या ट्रेलरच्या डाव्या चाकाला बोट लावलं आणि चटकन तोंडात घातलं. ट्रेलरवर बाईंची शिडाची होडी दोरखंडांत आवळून बसली होती.

"बेअरिंग गेलं," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर दुःखाचा मागमूस नव्हता. "आहे आपल्याकडे."

त्या 'आहे आपल्याकडे'साठी चार वर्षं खर्ची पडली होती. पहिल्या वर्षी ट्रेलर पंक्चर झाला, आणि मोटारीचा जॅक होडीच्या वजनाखाली वाकला. दुसऱ्या वर्षी मजबूत जॅक होता, पण ट्रेलरच्या नटांना मोटारीचा पाना बसेना. तिसऱ्या वर्षी दोन्ही मापांचे पाने होते, तर मागचे दिवेच विझले आणि पोलिसाने परत पाठवलं. चौथ्या वर्षी दिव्यांची वायर, बल्ब, चिकटपट्टी असा सगळा जामानिमा होता, आणि होडी बांधलेला पट्टाच तुटला. जे मोडेल ते पुढच्या वर्षी पेटीत जायचं. बाई त्याला 'वरातीमागून घोडं' म्हणायच्या. यंदा तर फोरमननी न मोडलेलं बेअरिंगही आधीच आत टाकलं होतं. ती लोखंडी पेटी आता इतकी जड झाली होती की उचलायला दोघे लागत.

बाईंचे वडील त्यांना लहानपणी तलावावर न्यायचे तेव्हा होडी हातगाडीवर असायची. जवळ सुटे भाग म्हणून एक सुतळीचं बंडल आणि तोंडात दोन-चार शिव्या, बस. तरी एकदाही उशीर झाला नव्हता. पण हे फोरमनना सांगण्यात अर्थ नव्हता. कारखान्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला सुतळीचं कौतुक कसं असणार?

यंदा मात्र बाईंचा जीव टांगणीला लागला होता. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून उठल्यावर त्यांनी ही होडी घेतली, ती एकदा तरी शर्यतीत उतरायचं म्हणून. अजून तिथलं पाणीही तिला लागलं नव्हतं. त्यातच डॉक्टरांनी त्यांच्या खांद्याकडे बघून बजावलं होतं, की पुढच्या वर्षापासून दोर ओढणं बंद. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

"किती वेळ लागेल?"

"वीस मिनिटं. भाऊ, जॅक लाव."

भाऊजी पोस्टातून निवृत्त झालेले. होडीत वहिनींचे साथीदार आणि जमिनीवर दादांचे टीकाकार. जॅक फिरवता फिरवता ते म्हणाले, "वहिनी, खरं सांगू? दादाला तलावावर पोचायचंच नसतं. त्याला रस्त्यातच मजा येते."

"तोंडापेक्षा हात चालव," फोरमन म्हणाले. पण त्यांनी बाईंकडे पाहिलं नाही, हे बाईंनी पाहिलं.

काम मात्र बघत राहावं असं होतं. जुनं बेअरिंग निघालं, एक्सलचा दांडा पुसला, नवं पाकीट फोडलं, ग्रीस थापलं, नट आवळला, पिन वाकवली. नऊ वाजून दहा मिनिटांनी फोरमन हात पुसत उठले. पसरलेलं फडकं त्यांनी उचललं, तशी त्यातून एक पातळ लोखंडी कडी टुणकन रस्त्यावर पडली आणि गोल गोल फिरून बाईंच्या पायाशी आडवी झाली.

तिघंही तिच्याकडे बघत राहिले.

"ही कुठली?" बाईंनी विचारलं.

"आतली," फोरमन म्हणाले. त्यांचा आवाज जरा खाली गेला होता. "राहिली वाटतं."

"माझ्या डोळ्यांदेखत सगळं बसवलंस की," भाऊजी म्हणाले.

"सगळं बसवलं असतं तर ही उरली असती का?"

चाक पुन्हा उतरलं. एकेक भाग फडक्यावर ओळीने मांडला, एकेक ओळीने परत चढवला. नऊ वाजून पस्तीस मिनिटांनी पिन वाकली. कडी फडक्यावरच!

"पाकिटावर काही लिहिलंय का?" बाईंनी विचारलं.

"पाकिटावरचं वाचून काम करायला मी काय शिकाऊ आहे?" म्हणत फोरमननी पुन्हा जॅकला हात घातला. "उघडतो."

"अजिबात नाही." ज्या आवाजाने शाळेचे तीन मजले गप्प व्हायचे, तो आवाज होता. "बसा गाडीत. चला."

"अगं, चाक निघालं तर होडी रस्त्यात पडेल!"

"आणि इथं बसून ती पाण्यात पडणार आहे का?"

गाडी निघाली. बाईंनी कडी मुठीत घट्ट धरली होती. भाऊजींचं डोकं खिडकीबाहेर.

"भाऊजी, फिरतंय का?"

"फिरतंय."

"धूर?"

"धूर नाही. वहिनी, जरा डुगडुगल्यासारखं..."

"डुगडुगतंय?" फोरमनचा पाय ब्रेकवर.

"रस्ताच खडबडीत आहे बहुतेक."

"बहुतेक म्हणजे काय रे? नीट बघून सांग!"

"माझ्या डोळ्यात माती गेलीय, दादा! वहिनी, तुम्ही बघता का?"

प्रत्येक वळणावर तिघं एकदमच श्वास रोखत होते. समोरून येणारा एक ट्रकवाला हात हलवून काहीतरी ओरडला. चाक निघालं म्हणतोय की नुसताच पुढे जा म्हणतोय, हे न कळल्यामुळे पुढचे दोन किलोमीटर बाईंचंही डोकं खिडकीबाहेर होतं.

नऊ अठ्ठावन्नला गाडी तलावाच्या फाटकातून आत शिरली. बाई धावत टेबलापाशी गेल्या, सही ठोकली आणि मगच त्यांनी मूठ उघडली. कडीचा ठसा तळहातावर उमटला होता.

टेबलामागच्या कारकुनांनी चष्म्यातून कडी पाहिली. "ही होय? बेअरिंगच्या पाकिटात दोन येतात. एक जाड एक्सलसाठी, एक बारीकसाठी. एक लावायची, एक फेकायची. पाकिटावर लिहिलेलं असतं."

भाऊजींनी दादांकडे पाहिलं. दादा आकाशाकडे पाहत होते.

"ते जाऊ दे," बाई हसून म्हणाल्या. "होडी पाण्यात कधी उतरवायची?"

"त्याचं असं आहे," कारकून म्हणाले, "यंदा नावंच तीन आलीत. आणि तीन होड्या हजर असल्याशिवाय शर्यत होत नाही. दंतवैद्यांचा फोन आला, त्यांचा ट्रेलर पंक्चर होऊन मागच्या पुलापाशी पडलाय, जॅक वाकला म्हणे. आणि बेकरीवाल्या दोघी बहिणींच्या ट्रेलरचे दिवे गेलेत, पोलिसाने अडवलंय. बारापर्यंत आले नाहीत तर रद्द."

"पण हजेरी दहाला बंद होते ना?"

"दहाच्या आत फोन केला तर बारापर्यंत मुभा. नियम सातवा. अर्जाच्या मागे छापलाय."

आता आकाशाकडे बघायची पाळी बाईंची होती. चार वर्षं! चारही वर्षी फोन पर्समध्येच होता.

त्या वळल्या तर फोरमन आणि भाऊजी ट्रेलर सोडवून पेटी गाडीत चढवत होते. "पंक्चर आणि दिवे," फोरमन पुटपुटले. "दोन्ही आहे आपल्याकडे."

"अहो," बाईंनी त्यांची बाही धरली. "होईल ना बाराच्या आत?"

"पाकिटं वाचून करतो," फोरमन म्हणाले.

पावणेबाराला फाटकातून आधी फोरमनची गाडी आली, मागे दंतवैद्यांची, त्यामागे बहिणींची. बाराला शिट्टी झाली. पहिल्या वळशापर्यंत बाई चक्क पुढे होत्या. मग खांदा कुरकुरला, दंतवैद्य पुढे गेले, शेवटच्या फेरीत बहिणीही गेल्या. बाई तिसऱ्या आल्या. तिघांत तिसऱ्या! तरी काठावर उतरताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की दंतवैद्यांनाच आपण हरलो की काय असं वाटलं.

"दादा, त्या दोघांच्या होड्यांचे नट जरा ढिले करून ठेवले असतेस तर?" भाऊजी म्हणाले.

"माझ्या हातून नट ढिला राहत नाही."

फोरमन ट्रेलरखालून बोलत होते. बाई वाकून बघू लागल्या. "अहो, मी पुढे होते तेव्हा पाहिलंत?"

"नाही."

"नाही?"

ट्रेलरखाली पाना जमिनीवर टेकला. मग आवाज आला, "तू पाण्यात असलीस की मला बघवत नाही. मग मी इथे खाली येतो. इथे जे मोडेल ते पेटीत असतं."

बाई ओल्या कपड्यांनीच त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. भाऊजींनी उगाच पेटीचं झाकण पुसायला घेतलं.

निघायच्या वेळी दंतवैद्य चषक काखेत मारून हळूच आले. "फोरमनसाहेब, परत जाताना तुम्ही... म्हणजे आम्ही तुमच्या मागे राहिलो तर चालेल ना?"

"आम्हीपण!" बेकरीवाल्या बहिणी लांबूनच ओरडल्या.

पाण्यात तिसऱ्या आलेल्या बाई रस्त्यावर पहिल्या निघाल्या. फोरमन ताशी तीसने गाडी हाकत होते. मागे दोन विजेते शिस्तीत चालले होते, आणि घरापर्यंत फोरमनना ओलांडून पुढे जायची हिंमत कुणालाही झाली नाही.